जवसाचे तेल, काळी माती आणि कपाटातली रंगपेटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोयाबीन घरात आले, पऱ्हाटीची पहिली वेचणी झाली, की आपल्याकडे मोकळी हवा आणि स्वच्छ उजेडाचे तीन-चार महिने सुरू होतात. निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतले कर्मचारी, मुले बाहेरगावी शिकायला गेलेल्या गृहिणी, अशा कितीतरी जणांच्या कपाटात तैलरंगांची जुनी पेटी पडून असते, ती याच दिवसांत बाहेर निघते. दोन-तीन कॅनव्हास रंगवून होतात, प्रत्येक चित्राचा चिखल होतो आणि पेटी पुन्हा कपाटात जाते. दोष हाताचा असतो असे क्वचितच दिसते. तैलरंग वाळतो कसा आणि आपल्याकडचा उजेड पडतो कसा, या दोन गोष्टी कोणी नीट सांगितलेल्या नसतात. जे सल्ले मिळतात ते थंड, दमट हवेच्या देशांना धरून दिलेले असतात. म्हणून हे लांबलचक पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, फक्त तेलाच्या चिंध्यांबद्दलचा मजकूर गाळू नका.

आधी जुन्या पेटीविषयी. झाकण घट्ट असेल तर नळीतला तैलरंग पंधरा-वीस वर्षांनीही चांगला राहतो. नळी बोटाने दाबून पाहा. मऊ लागली तर रंग वापरा, दगडासारखी लागली तर टाकून द्या. झाकण चिकटले असेल तर पक्कडीने पिळू नका, नळीच फाटते. गरम पाण्याच्या वाटीत नळीचे तोंड दोन मिनिटे बुडवा आणि कापडात धरून फिरवा. उघडल्यावर आधी नुसते पिवळे तेल आले तर रंग बिघडला असे समजू नका. ते टिपकागदावर टिपून घ्या, मागून रंग येतो. जुने टर्पेंटाइन मात्र ठेवू नका. बाटली अर्धी रिकामी राहिली की हवेने ते पिवळसर, चिकट होते आणि त्यात कालवलेला रंग महिनाभर बोटाला लागत राहतो. खात्री करायची तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका. उडून गेल्यावर चिकट डाग राहिला तर ते बाद. नवीन घेताना रंगसाहित्याच्या दुकानातले शुद्ध टर्पेंटाइन घ्या. नाही मिळाले तर हार्डवेअरमधले मिनरल टर्पेंटाइन सरावाला चालते. रॉकेल नको, ते मागे तेलकट अंश ठेवते आणि रंगाची पकड जाते.

चित्रकलेकडे परतणाऱ्यांपैकी बहुतेकांचा पाया शाळेत शासकीय रेखाकला परीक्षांच्या, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या तयारीत जलरंगांवर घातलेला असतो. तो पाया चांगला आहे, पण तैलरंगात त्यातल्या काही सवयी उलट्या पडतात. जलरंगात पांढरा कागद राखून फिकटाकडून गडदाकडे जायचे असते. तैलरंगात आधी गडद भाग पातळ मांडायचे, मग मधल्या छटा, आणि उजेडाचे जाड फटकारे सर्वांत शेवटी. जलरंगात ओल्यात ओला रंग सोडला की तो आपोआप सुंदर पसरतो. तैलरंगात ओल्या थरावर तोच ब्रश चार वेळा फिरवला की सगळे करडे होऊन बसते. चिखल होण्याचे खरे कारण हेच आहे. फटकारा द्या, ब्रश जुन्या सुती कापडाला पुसा, नवीन रंग घ्या, पुढचा फटकारा द्या. एकदा दिलेल्या फटकाऱ्यावर पुन्हा हात फिरवायचा मोह आवरला तर निम्मे काम झाले.

आता तेल. तैलरंगाला बांधून ठेवणारे तेल म्हणजे आपल्या वावरातले जवसच. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत ओल असताना जे पेरतात आणि डिसेंबर-जानेवारीत ज्याला निळी फुले येतात, तेच. हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घेते आणि हळूहळू घट्ट पापुद्रा होते. वाळताना उलट त्याचे वजन थोडे वाढते. पुढचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. साहजिकच प्रश्न येतो की घाण्यावरचे जवस तेल चित्राला चालेल का. तसेच्या तसे नाही. त्यात बियांतला चिकट अंश असतो, त्यामुळे ते लवकर गडद होते आणि मऊ राहते. चित्रासाठी शुद्ध केलेले तेल छोट्या बाटलीत मिळते. शंभर मिलिलिटर वर्षभर पुरते, कारण ते लागते फार थोडे. पांढऱ्या रंगाची गोष्ट जराशी वेगळी आहे. जवस कालांतराने पिवळे पडते म्हणून अनेक कंपन्या पांढरा रंग करडईच्या तेलात घोटतात. करडई कमी पिवळी पडते, पण सावकाश वाळते आणि तिचा पापुद्रा नाजूक होतो. त्यामुळे अगदी खालच्या थरात पांढऱ्याचा जाड लेप देऊ नये. नळीवर कोणते तेल आहे हे छापलेले असते, ते वाचून घ्यावे.

थरांचा नियम थोडक्यात असा: खालचा थर कोरडा, वरचा तेलकट. पहिल्या थराला रंग फक्त टर्पेंटाइनने पातळ करा. दुसऱ्याला तीन भाग टर्पेंटाइन आणि एक भाग जवस तेल. तिसरा थर द्यायचाच झाला तर दोन्ही समान. कोणत्याही थरात हे मिश्रण रंगाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त जाऊ देऊ नका. उलटे केले, म्हणजे तेलकट थरावर कोरडा थर चढवला, तर वरचा आधी कडक होतो आणि खालचा नंतर हलतो. वर्ष-दोन वर्षांत उन्हाळ्यातल्या गाळपेरासारख्या भेगा पडतात. रंगांचा स्वभावही इथे आडवा येतो. अंबर हा मातीचा गडद तपकिरी रंग लवकर वाळतो, कारण त्यात मँगनीज असते. आयव्हरी ब्लॅक आणि अ‍ॅलिझरिन क्रिमसन फार रेंगाळतात. खालचा आराखडा काळ्याने करणारे इथेच फसतात. तो आराखडा अंबरने किंवा बर्न्ट सिएनाने (तांबूस तपकिरी) करावा.

आपल्या हवेत आणखी एक अडचण येते. एप्रिल-मेमध्ये जाड रंगावर एका दिवसात साय धरते. वरून वाळल्यासारखे वाटते, आत मात्र ओले असते. आतला भाग नंतर वाळताना आकार बदलतो आणि वर सुरकुत्या उठतात. तेल जास्त घातले की हे हमखास होते. कूलरसमोर चित्र वाळत ठेवणारे पुष्कळ आहेत. कूलरची हवा ओलसर असते. ताणलेला कॅनव्हास त्या ओलीने ढिला पडतो आणि कूलर बंद झाला की पुन्हा ताणतो. रोजच्या या ताण-ढिलाईने कोवळ्या रंगाला केसासारख्या बारीक चिरा जातात. चित्र कूलर नसलेल्या खोलीत भिंतीपासून चार बोटे दूर उभे करावे. सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी असे आग्रहाने सांगतो त्यामागे उजेडाइतकेच हेही कारण आहे. या दिवसांत पातळ थर दोन-तीन दिवसांत बोटाला लागायचा थांबतो आणि तो सारखा वाळतो.

कशावर रंगवायचे? पहिले वर्षभर कॅनव्हास घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महागड्या कॅनव्हासवर हात आखडतो, माणूस जपून जपून रंगवतो. तालुक्याच्या हार्डवेअरमध्ये मिळणारे ३ मिलिमीटरचे हार्डबोर्ड आणा आणि सुताराकडून ८ बाय १० इंचाचे तुकडे करून घ्या. गुळगुळीत बाजू १५० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून तिची चकाकी घालवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. मग अॅक्रिलिक गेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन ते तीन हात, पहिला उभा, दुसरा आडवा, प्रत्येक हातानंतर तीन-चार तास थांबून. मागच्या बाजूलाही एक हात द्यायचा, नाहीतर पाटी पापडासारखी वाकते. तीन दिवस पाटी तशीच राहू द्यावी आणि मगच तैलरंग लावावा. पैसे वाचवण्यासाठी भिंतीचा डिस्टेंपर लावणारे आहेत. डिस्टेंपर म्हणजे मुख्यत्वे खडूची पूड. ती रंगातले तेल पिऊन टाकते, रंग मातकट दिसतो आणि पुढे पोपडे निघतात. लाकूडकामाचा पांढरा डिंक आणि खडूपूड हे घरगुती मिश्रण सरावाच्या पाट्यांना ठीक आहे, ठेवणीतल्या चित्राला नको.

पांढऱ्याफटक पाटीवर थेट रंगवू नका. बर्न्ट सिएना भरपूर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे लावा आणि कापडाने पुसून काढा, इतका की खाली फिकट विटकरी झाक राहावी. एक दिवस वाळू द्या. या झाकेवर प्रत्येक छटेचा अंदाज लवकर येतो. शिवाय हिरव्यामधून कुठे कुठे डोकावणारी ही ऊब आपल्या मातीशी जुळते.

रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना, एक केशरीकडे झुकणारा लाल आणि अल्ट्रामरीन ब्लू. चोवीस नळ्यांची पेटी भेट म्हणून छान दिसते, पण परतणाऱ्याचा गोंधळ तीच वाढवते. विद्यार्थी दर्जाच्या नळीत भराव जास्त असतो, त्यामुळे पांढरा मिसळला की रंग लगेच मरतो. सहाच नळ्या घ्यायच्या असल्याने त्या कलावंत दर्जाच्या घेणे परवडते. पॅलेटवर, म्हणजे रंग कालवायच्या फळीवर, रंग काढताना कंजुषी नको. पांढरा आवळ्याएवढा, ऑकर आणि निळा बोराएवढे, बाकीचे हरभऱ्याएवढे. रंग कमी काढला की ब्रश खरवडत फिरतो आणि चित्र भुकेले दिसते.

विदर्भातल्या हौशी निसर्गचित्रांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे नळीतला तयार हिरवा. सॅप ग्रीनने रंगवलेले शेत केळीच्या पानासारखे कच्चे, चकाकणारे दिसते. आपल्याकडचा हिरवा पावसाळ्याचे दोन महिने सोडले तर बहुतेक मळलेला, उन्हाने तापलेला असतो, म्हणून तो घरीच करावा. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिळून बाभळीचा, बोरीचा धुळकट हिरवा होतो. अल्ट्रामरीन आणि लेमन यलो मिळून भाद्रपदातल्या धानाचा ताजा हिरवा. त्याच धानाला कापणीआधीचा रंग आणायचा तर ऑकर, लेमन आणि थोडा पांढरा, निळा जवळजवळ नकोच. वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेचा हिरवा गडद आणि चामड्यासारखा असतो. अल्ट्रामरीनमध्ये थोडा लेमन आणि नखभर बर्न्ट सिएना घाला, पांढरा अजिबात घालू नका. पानावरची चमक मात्र आभाळाची असते, म्हणून तिथे निळसर करड्याचा एखाद-दुसरा फटकारा पुरतो. मोहाची चैत्रातली नवी पालवी तर तांबूस असते, तिला हिरवा लागतच नाही. पहिल्या आठवड्यात चित्र न काढता एका पाटीवर चौकोन आखून या जोड्यांच्या पाच-पाच पायऱ्या करून ठेवा. हा तक्ता भिंतीवर टांगला की वर्षभर उपयोगी पडतो.

रंगापेक्षाही आधी सुधारायची गोष्ट म्हणजे गडद-फिकटपणाचा हिशेब. मोकळ्या जागी डोळे किलकिले करून पाहिले की तपशील गळून पडतात आणि तीन-चार मोठे डाग उरतात. ते डाग ४बी पेन्सिलने दोन बाय तीन इंचाच्या चौकटीत पाच मिनिटांत काढा. एका जागेच्या अशा तीन चौकटी काढून त्यातली एक निवडा आणि मगच ब्रश उचला. सर्वसाधारणपणे आभाळ सर्वांत फिकट, सपाट जमीन त्याखालोखाल, डोंगराचे उतार आणखी गडद आणि उभी झाडे सर्वांत गडद. कारण साधे आहे. उजेड वरून येतो, सपाट जागेवर तो पुरता पडतो, उभ्या गोष्टीवर तिरका. पण हा नियम आपल्याकडे डोळे झाकून लावता येत नाही. पाऊस गेल्यावर आश्विनात आभाळ खोल निळे असते आणि सोयाबीन काढलेले वावर उन्हात इतके उजळते की वरच्या आभाळाशी बरोबरी करते. उलट मे महिन्यात आभाळात धूळ भरलेली असते, ते जवळजवळ दुधी दिसते, सावल्याही फिक्या पडतात आणि दुपारच्या चित्रात पकडायला काही राहत नाही. मोबाइलचा उपयोग इथेच करा. समोरच्या दृश्याचा आणि आपल्या पाटीचा कृष्णधवल फोटो काढून शेजारी ठेवा, चूक लगेच दिसते. रंगीत फोटोवरून चित्र करू नका. मोबाइल सावल्या काळ्या करतो आणि आभाळ पांढरे, आणि त्याची नक्कल करणारे चित्र कॅलेंडरसारखे होते.

दूरचे डोंगर काढताना लोक निळा थेट लावतात. गाविलगडच्या रांगेकडे हिवाळ्याच्या सकाळी नीट पाहा. प्रत्येक मागच्या रांगेत आधी पिवळा नाहीसा होतो, मग लाल, आणि उरतो तो निळसर करडा. म्हणून अल्ट्रामरीन, पांढरा आणि बर्न्ट सिएनाचा कण अशी एक मोठी ढेप आधी करून ठेवा आणि मागे जाताना तिच्यात फक्त पांढरा वाढवत जा. या बेसाल्टच्या डोंगरांचे माथे सपाट आणि उतार पायऱ्यांचे असतात. त्यांना टोकदार त्रिकोण केले की ते कुठलेही डोंगर होतात, आपले राहत नाहीत.

आता काळी माती. तिला काळा रंग लावू नका. नांगरलेले कोरडे वावर उन्हात पाहिले तर ते राखाडी, किंचित जांभळट आणि वाटते त्यापेक्षा बरेच फिकट असते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना जवळजवळ सारखे घ्या, त्यात पांढरा आणि उन्हाच्या बाजूला थोडा ऑकर. ढेकळांच्या सावलीत वरचे आभाळ उतरते, म्हणून सावली अंमळ निळी ठेवा. पाऊस पडून गेला की हीच माती एकदम खोल होते. तेव्हा पांढरा काढून घ्या आणि रंग पातळ, पारदर्शक लावा. नांगराच्या तासांच्या रेषा क्षितिजावर एका बिंदूकडे जातात. तो बिंदू आपल्या डोळ्यांच्या उंचीला असतो, म्हणून धुऱ्यावर बसून काढले तर तासे चपटी दिसतील आणि बांधावर उभे राहून काढले तर उघडी. उन्हाळ्यातल्या भेगा एकेक करून कोरू नका. पायाशी चार-पाच रुंद भेगा, नंतर तुटक खुणा आणि पुढे नुसता पोत, एवढ्यावर जमीन आडवी पडते. कापसाच्या वावरातही हेच. जवळची दोन-चार बोंडे सोडली तर पांढरा कुठेच शुद्ध नसतो. दूर गेल्यावर पऱ्हाटीचा तपकिरी आणि कापसाचा पांढरा मिसळून फिकट मातकट करडा होतो. नळीतला पांढरा तिथे ठिपके ठिपके लावला की वावरावर मीठ सांडल्यासारखे दिसते.

पळस हा तर प्रत्येकाला हवाच असतो. फाल्गुनात झाडावर पान नाही, नुसता केशरी जाळ. तो रंगवताना उजेड दाखवायला लालात पांढरा घालतात आणि फूल गुलाबी होऊन मरते. पळसाच्या रंगात पांढरा घालू नये. उजेडाच्या बाजूला लालात लेमन वाढवावा, सावलीत बर्न्ट सिएना. फांदीवरचा झुबका जवळून पाहा: प्रत्येक फूल गडद, मखमली, जवळजवळ काळसर पुष्पकोशातून निघते. म्हणून आधी फांदीवर त्या गडद खुणा बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीनने ठेवा, त्यांवर केशरी जाड फटकारा एकदाच द्या आणि सोडून द्या. जाळ भडकवायचा तर फुलांचा रंग वाढवून भागत नाही, मागचा डोंगर निळसर करडा आणि शांत ठेवावा लागतो. तळाचे वाळके गवतही दबलेले असावे.

झाडांविषयी एवढेच की पाने मोजू नयेत. उजेडाचा एक भाग आणि सावलीचा एक भाग असे दोन डाग करा, मग कडेला थोडी पाने तुटक ठेवा. पानांमधून दिसणारे आभाळ खऱ्या आभाळापेक्षा थोडे गडद रंगवा. तितकेच फिकट ठेवले तर झाडावर कागदाचे कपटे चिकटल्यासारखे दिसतात. बारीक फांद्यांना लांब केसांचा रिगर ब्रश आणि दुधाइतका पातळ केलेला रंग. बाकी सगळ्याला डुकराच्या केसांचे सपाट ब्रश, ४, ८ आणि १० नंबरचे, आणि एक पॅलेट नाइफ पुरे. सुरुवात नेहमी १० नंबरने करावी. लहान ब्रश पहिला अर्धा तास पेटीतच राहू द्या.

भंडारा, गोंदियाकडच्या मंडळींना मालगुजारी तलाव म्हणजे घरचाच विषय. पाण्यातले प्रतिबिंब वरच्या वस्तूची हुबेहूब प्रत नसते. गडद झाड पाण्यात थोडे फिके दिसते आणि फिके आभाळ थोडे गडद. प्रतिबिंब आधी उभ्या फटकाऱ्यांनी मांडा, मग कोरडा सपाट ब्रश हलक्या हाताने एकदाच आडवा ओढा. वाऱ्याने चमकणारी रेष सर्वांत शेवटी, एकच.

बाहेर बसायची वेळ डिसेंबरात सकाळी दहापर्यंत आणि दुपारी साडेतीननंतर. एका बैठकीला दीड तासाहून जास्त देऊ नका, सावल्या सरकतात. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार ठरवून मांडा आणि नंतर त्या हलल्या तरी त्यांच्या मागे धावू नका. पाटी आणि पॅलेट दोन्ही सावलीत हवेत. पाटीवर ऊन पडले की रंग उजळ भासतात, म्हणून हात नकळत गडद लावतो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेले निघते. पांढरा सदरा घालून बसू नये, त्याची झाक ओल्या रंगावर पडते. धूळ किंवा चिलटे चिकटली तर ओल्यात खरवडू नका, वाळल्यावर हाताने झडतात. बाहेर जाऊन तैलरंगात काम करणे लोकांना सोपे झाले ते १८४१ साली दाबायच्या धातूच्या नळीचे पेटंट निघाल्यानंतर. त्याआधी रंग प्राण्याच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून न्यावा लागे. आज आपल्याला पांदणीने दोन किलोमीटर चालत जाऊन काम करता येते, ही सोय दवडू नये.

आता चिंध्यांबद्दल. जवस तेल वाळताना उष्णता सोडते. पसरलेल्या कापडातून ती निघून जाते, पण बोळा करून कोपऱ्यात टाकलेल्या कापडात ती साठते आणि काडी न लावताही कापड पेट घेऊ शकते. आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात आधीच हवा तापलेली असते, बाजूला कापूस नाहीतर कडबा रचलेला असतो. तेल लागलेल्या चिंध्या कधीही गोळा करून ठेवू नका. त्या अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी घालून त्यात बुडवून ठेवा. टर्पेंटाइनची बाटली उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. वापरलेले टर्पेंटाइन नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. बरणीत दोन दिवस ठेवले की गाळ तळाशी बसतो, वरचे निवळ पुन्हा वापरता येते. गाळ कागदावर उघड्यावर वाळवून मग टाकावा. काम करताना खाणे, खर्रा, बिडी नको. काही रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात आणि ते बोटांवरून पोटात जातात. ब्रश आधी कापडाला पुसा, मग टर्पेंटाइन, मग अंगाचा साबण आणि कोमट पाणी, फेस पांढरा येईपर्यंत. आडवा ठेवून वाळवा. ओला ब्रश उभा ठेवला की पाणी दांड्यात उतरते आणि केस गळतात.

वाळल्यावर चित्रात कुठे कुठे मंद, मेलेले डाग दिसतात. तिथले तेल खालच्या थराने ओढून घेतलेले असते. जवस तेल आणि टर्पेंटाइन समान घेऊन कापडाने अगदी पातळ चोळा आणि लगेच पुसून काढा. वॉर्निश मात्र सहा महिने ते वर्षभर थांबूनच. चित्र अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवले तर जवस पिवळे पडते. घाबरायचे कारण नाही, काही आठवडे उजेडात ठेवले की ते बरेचसे परत येते. पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते, म्हणून आषाढात पंधरा दिवसांनी एकदा पाठ तपासावी आणि कोरड्या मऊ ब्रशने झाडावी.

आपल्या मार्फत दोन विनंत्या आहेत. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांच्या सार्वजनिक वाचनालयांनी हिवाळ्यात एक भिंत महिनाभर हौशी निसर्गचित्रांसाठी मोकळी ठेवावी. खर्च काही नाही, चार खिळे आणि एक दोरी. आपले चित्र दुसऱ्याच्या चित्राशेजारी टांगलेले पाहिल्यावर छटांमधली चूक जशी कळते तशी घरी कळत नाही. दुसरी विनंती आपल्याच वृत्तपत्राला. शेतीच्या पानावर हवामानाचा अंदाज येतो, त्याच्या खाली पंधरवड्यातून एकदा चार ओळी अशाही याव्यात: कोणत्या भागात पळस फुलला, कुठे जवस निळे झाले, कोणत्या तलावावर पाणी टिकून आहे. आपले तालुका वार्ताहर रोज त्याच रस्त्यांनी फिरतात.

या आठवड्यात सुरुवात करणाऱ्याने सहा पाट्या तयार कराव्यात आणि घराजवळचे एकच झाड निवडावे. तेच झाड सहा वेळा काढावे, तीनदा सकाळी आणि तीनदा संध्याकाळी, प्रत्येक वेळी एक तास. पाटीच्या मागे तारीख, वेळ आणि वापरलेले रंग पेन्सिलने लिहावेत. सहावी पाटी वाळली की सगळ्या एका ओळीत लावून पाहाव्यात. जागा बदलायची ती त्यानंतर.

आपला,
एक हौशी चित्रकार वाचक
ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती